पडद्यावरचा टॅब आणि हातातला टॅब
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कम्प्युटरमध्ये नेमकं काय करतेस ते एकदा सोप्या भाषेत सांगून टाक." तर टॅब आणि मोबाईलवर जी ॲप चालतात त्यांची मांडणी नीट दिसते का, बटणं माणसाला दाबता येतात का, हे तपासणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. ऐकायला हलकं वाटतं. पण आपल्या कुरुळीतल्याच एका कारखान्यात या मांडणीपायी एका माणसाला मेमो मिळाला, म्हणून आज त्याबद्दलच बोलते. कारखान्याचं नाव घेणार नाही. तुमच्यापैकी काहींना तो ओळखू येईल. त्यांनीही घेऊ नये.

आधी सिम्युलेटर म्हणजे काय ते सांगते. ॲप लिहिणाऱ्याकडे बाजारातला प्रत्येक टॅब नसतो. म्हणून लॅपटॉपवरच टॅबचं चित्र उभं करणारा एक प्रोग्रॅम वापरतात. त्याला म्हणायचं, तू आता दहा इंची टॅब हो, की तो होतो. आडवा हो, उभा हो, अक्षरं मोठी कर, भाषा मराठी कर, सगळं ऐकतो. (ॲपलवाले त्याला सिम्युलेटर म्हणतात, अँड्रॉईडवाले एम्युलेटर. दोन्हींत फरक आहे, पण आज मी दोघांनाही एकच नाव देते.) मी त्याला नावं ठेवणार नाही. दहा मिनिटांत वीस आकार बघून होतात, ते हातातल्या टॅबवर करायला दिवस जाईल. पण सिम्युलेटर म्हणजे पहाटे चारचा नाशिक रस्ता. मोशीपासून चाकणपर्यंत सुसाट. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर रस्ता तोच असतो, नकाशावर तसूभरही बदललेला नसतो. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

त्या कारखान्यात तयार ब्रॅकेट तपासायच्या टेबलावर कागदी चेकशीट होती. ती काढून टॅब आणला. ऑपरेटरने गेज लावायचं, पार्ट बरोबर असेल तर 'ओके' दाबायचं, नसेल तर 'एनजी'. ॲप बाहेरच्या एका कंपनीने करून दिलं होतं. दोन महिन्यांत दोन प्रकार झाले. चांगल्या मालाच्या पेट्या एनजी म्हणून अडकल्या, आणि एकदा खराब पार्ट ओके होऊन गिऱ्हाईकाच्या प्लँटपर्यंत गेला. त्या शिफ्टला टेबलावर एक कंत्राटी ऑपरेटर होते, पन्नाशीच्या पुढचे. त्यांना मेमो दिला. त्यात शब्द होता 'निष्काळजीपणा'. तिकडे तिसऱ्या मेमोला गेट बंद होतं.

ॲपची तपासणी करायला मला बोलावलं तेव्हा मी आधी त्यांच्याशेजारी उभी राहिले. पहिला अर्धा तास ते मला मॅडम म्हणत होते. मी गावातलीच, या शाळेतली, हे कळल्यावर ताई म्हणायला लागले आणि मग मनातलं बोलले. "ताई, मी ओकेच दाबतो. त्यालाच एनजी ऐकू येतं."

आता त्यांचा हात बघा. सुती हातमोज्यातून काचेला स्पर्श कळत नाही, म्हणून उजव्या मोज्याची तर्जनी कापलेली. बोटाला तेल. टॅबला जाड रबरी कव्हर, त्याची कड पडद्याच्या तळावर आलेली, आणि दोन्ही बटणं तळालाच, शेजारी-शेजारी. मी क्वालिटीच्या टेबलावरचा व्हर्निअर मागून घेतला आणि बटण मोजलं. उंची साडेसहा मिलिमीटर. दोन बटणांमधली फट एक मिलिमीटर. बोटाचं टोक असतं सेंटिमीटरभर. त्या पत्र्याच्या शेडमध्ये ब्रॅकेट शतांश मिलिमीटरपर्यंत मोजला जात होता, बटण मात्र तोवर कुणी मोजलं नव्हतं.

हे झालं कसं, ते जरा सावकाश सांगते, कारण यात कुणी झोपा काढत नव्हतं. अँड्रॉईडमध्ये बटणाचा आकार ठिपक्यांत न मोजता एका ठरावीक मापात मोजतात. एक इंचात अशी १६० मापं. बटण निदान ४८ मापांचं असावं असा गूगलचा सल्ला आहे, आणि ॲप करणाऱ्यांनी तो पाळला होता. पण प्रत्यक्षात इंच कुणी मोजत नाही. टॅब बनवणारा आपल्या पडद्याला एक आकडा देतो आणि ॲप त्यावर विश्वास ठेवतं. आठ इंची, १२८० गुणिले ८०० ठिपक्यांच्या पडद्यावर इंचाला जवळजवळ १८९ ठिपके बसतात. बनवणाऱ्याने २१३ हा आकडा दिला तर ४८ मापांचं बटण साडेआठ मिलिमीटरच्या थोडं वर जातं. १६० दिला तर साडेसहा. या टॅबला १६० दिलेला होता. वर गंमत म्हणजे त्या आकड्यामुळे हा आठ इंची टॅब ॲपला 'मी दहा इंची आहे' असं सांगत होता, आणि ॲप त्याला मोठ्या टॅबची दाटीवाटीची मांडणी देत होतं.

सिम्युलेटरवर हेच १२८० गुणिले ८००, हेच १६०. आकडे तंतोतंत जुळणारे, चित्र निर्दोष. फक्त चोवीस इंची मॉनिटरवर तेच बटण तेरा मिलिमीटर दिसतं, आणि दाबायला माऊसचं टोक असतं, ज्याला ना जाडी ना तेल. भूगोलाच्या बाई आठवतात ना? नकाशाखाली प्रमाण लिहिलं नाही तर एक गुण कापायच्या. सिम्युलेटरच्या खिडकीखाली प्रमाण लिहायला लावणारं कुणी नसतं.

हे आपल्याकडच्या स्वस्त टॅबचंच दुखणं आहे असं समजू नका. ॲपलचा पहिला आयपॅड २०१० मध्ये आला, पडदा ९.७ इंच. २०१२ मध्ये आयपॅड मिनी आला, ७.९ इंच. दोन्हींवर ठिपके सारखेच, १०२४ गुणिले ७६८. त्यामुळे जुनी ॲप छोट्या टॅबवर जशीच्या तशी चालली, पण पहिल्यावर साडेआठ मिलिमीटरचं बटण दुसऱ्यावर सातच्याही आत आलं. आणि आपला 'आकाश' आठवतो? ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत वाटप सुरू झालं, विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅब म्हणून. सात इंची पडदा, पण काच दाब ओळखणारी, बोट नुसतं टेकवून भागत नसे, नखाने दाबावं लागे. माऊसच्या क्लिकला हा फरक कळणार नाही. पुढे तो प्रकल्प आयआयटी मुंबईकडे, प्रा. दीपक फाटक यांच्याकडे आला, आणि नोव्हेंबर २०१२ च्या 'आकाश २' ला हलक्या स्पर्शाची काच मिळाली.

बटणाखेरीज आणखी खूप काही आहे, पण जेवणाची वेळ होतेय, म्हणून मला सगळ्यात जास्त भेटणाऱ्या दोनच गोष्टी सांगते. एक, कीबोर्ड. लॅपटॉपवर तपासणारा लॅपटॉपच्याच कीबोर्डवर टाईप करतो. टॅबवर मात्र पडद्याचा निम्मा भाग कीबोर्ड खातो आणि 'जतन करा' त्याच्याखाली गाडलं जातं. दुसरी, आपली मराठी. इंग्रजी अक्षराच्या उंचीला चौकट बेतली की आपला रफार वरून छाटला जातो नाहीतर उकार खालून. 'मर्यादा'चं 'मयादा' होतं. ॲप करणाऱ्या टीममध्ये मराठी वाचणारं कुणी नसेल तर सिम्युलेटरवर दिसूनही ते दिसत नाही.

आपल्यातल्या काही मैत्रिणी अंगणवाडी सेविका आहेत, त्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते. फोनची ताकद अपुरी आणि त्यावरचं पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. तेव्हा त्यांना तंत्रज्ञान जमत नाही असं बोलणारे लोक मला भेटले आहेत. मला ते बोलणं तेव्हाही चीड आणायचं, आताही आणतं.

खरं तर आपल्या पट्ट्याला हे समजावून सांगायची गरज पडू नये. गाडीची धडक आधी कम्प्युटरवर शेकडो वेळा घडवतात, तरीही 'भारत एनकॅप'चे तारे हवे असतील तर खरी गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर नेऊन आदळावी लागते. ज्या एआरएआयकडे गाड्या तपासायला जातात तिचं एक केंद्र चाकणलाच आहे. इथल्या माणसांना खऱ्या चाचणीचं महत्त्व रक्तात आहे. टॅबच्या ॲपपाशीच ते का विसरतं, याचा मला राग नाही, नवल आहे.

तुमच्यापैकी जे सुपरवायझर आहेत, मॅनेजर आहेत, त्यांच्याकडे टॅबवरचं नवं काम आलं तर सही करण्याआधी तो टॅब दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरला द्या. त्याच कव्हरमध्ये, त्याच हातमोज्यात, त्याच उजेडात. शेजारी तासभर नुसतं उभं राहा आणि काही शिकवू नका. पट्टी जवळ ठेवा.

त्या कारखान्यात मी साहेबांना हातमोजा घालून नोंदी करायला लावल्या. तिसऱ्याच नोंदीला ओकेचं एनजी झालं. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळपर्यंत बदल मंजूर झाला. आता ओके उजव्या कडेला आहे, एनजी डाव्या कडेला, दोन्ही तळापासून वर, आणि एनजीला एकदा विचारून मगच नोंद होते. बटण व्हर्निअरवर तेरा मिलिमीटर भरतं.

ते ऑपरेटर त्याच टेबलावर आहेत. मेमो मात्र अजून त्यांच्या फाईलमध्ये आहे. दिलेला मेमो मागे घ्यायची पद्धत नाही, असं मला सांगण्यात आलं. आपल्या बॅचचे दोघे-तिघे एचआरमध्ये आहेत, समोरच बसलेत. तो कागद फाईलमधून कसा काढायचा, त्यासाठी कुणाला अर्ज करायचा, हे मला आज पंगतीत बसल्यावर सांगा. अर्ज मी लिहून आणलाय.