धनुर्वात : मातीतील बीजाणू आणि विकासाची कसोटी

(बसवनगुडी, बंगळुरू येथील व्याख्यानाचा मजकूर)



हे व्याख्यान ज्या बसवनगुडीत होत आहे, ती वसाहत एका साथीतून जन्मली. १८९८ मध्ये प्लेगने बंगळुरूच्या दाट वस्तीत थैमान घातले आणि त्यानंतर रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या हवेच्या बसवनगुडी व मल्लेश्वरम या वसाहती आखण्यात आल्या. त्याच सुमारास मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेतून ही लस दूरदूरच्या प्रांतांत जाऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मुल्कोवाल येथे १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण दगावले. प्लेगने नव्हे, धनुर्वाताने. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही बाब नंतर प्रकाशात आली. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले.

जमिनीवर पडलेल्या चिमट्यामुळे एवढा अनर्थ कसा घडू शकतो? धनुर्वाताचा जंतू ग्रॅम-रंजनात जांभळा दिसणाऱ्या, बीजाणू तयार करणाऱ्या जंतूंपैकी आहे. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो टणक कवचाच्या बीजाणूचे रूप घेतो. माती व शेणात हे बीजाणू वर्षानुवर्षे टिकतात. नुसत्या उकळण्याने ते खात्रीने मरत नाहीत. त्यासाठी दाबाखालील १२१ अंश सेल्सिअस तापमानाची वाफ लागते. प्राणवायू न पोहोचणाऱ्या खोल जखमेत ते रुजतात, त्यांचे विष मज्जासंस्थेत शिरते आणि रुग्णाची दातखीळ बसते. जनावरांचे फाशी व फऱ्या हे रोगही बीजाणूधारी जंतूंचेच. म्हणूनच फाशीने मेलेले जनावर कापू नये, खोल पुरावे.

नियोजनाच्या दृष्टीने धनुर्वाताचे वेगळेपण महत्त्वाचे आहे. देवीचा विषाणू केवळ माणसातच राहत असल्याने तो रोग जगातून नाहीसा करता आला. मातीतील बीजाणू नाहीसे करता येत नाहीत. गोवरासारख्या रोगात पुरेशा मुलांना लस मिळाली की शेजारच्या मुलाचेही काही प्रमाणात रक्षण होते. धनुर्वात मात्र एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. त्यामुळे एकाच्या लसीचे संरक्षण दुसऱ्याला लाभत नाही. शंभरांपैकी पंच्याण्णव जणांना लस मिळाली, तरी उरलेले पाच पूर्वीइतकेच असुरक्षित राहतात. येथे सरासरी आकडा दिलासा देऊ शकत नाही.

१९८० च्या दशकाअखेर भारतात दरवर्षी दीड लाखांहून अधिक नवजात बालके धनुर्वाताने दगावत असल्याचा अंदाज होता. विळ्याने कापलेली नाळ आणि तिच्यावर लावलेले शेण किंवा राख, हे त्याचे एक प्रमुख कारण. गरोदर मातांना लस, दाईंना प्रशिक्षण, १९८५ चा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आणि २००५ ची जननी सुरक्षा योजना यांमुळे चित्र पालटले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याचे मान्य केले. त्याचा निकष असा, की प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण असावा. देशाची सरासरी नव्हे, प्रत्येक जिल्हा हे येथे मोजमाप होते.

परंतु उच्चाटन म्हणजे शेवट नव्हे. आज टीडी लस गरोदर मातांना, तसेच दहाव्या व सोळाव्या वर्षी दिली जाते. त्यानंतर शेतात राबणारा, इमारतीवर सळ्या वाहणारा प्रौढ माणूस जखम होईपर्यंत कोणाच्याही यादीत नसतो. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदीपुढे भुईमुगाचे ढीग लागतात. त्या शेंगा उपटणारे हात रोज याच मातीत असतात. प्लेगपासून दूर जाण्यासाठी नवी वसाहत बांधता आली; मातीपासून दूर जाता येत नाही. म्हणून लस अखेरच्या माणसापर्यंत, आणि प्रत्येक पिढीत नव्याने, पोहोचवावी लागेल.