आठवण विचारणारा



मराठीतील आठवणींच्या वाङ्मयाची चर्चा होते तेव्हा ती बहुधा लिहिणाऱ्याभोवती फिरते; त्याचा प्रामाणिकपणा, त्याची भाषा, त्याने सांगितलेले आणि लपविलेले यांचा हिशेब मांडला जातो. हे योग्यच आहे. परंतु या वाङ्मयातील जी पुस्तके आज शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही वाचावीशी वाटतात, त्यांतील कितीतरी पुस्तकांच्या मागे आणखी एक व्यक्ती उभी असते, जिने कधीतरी लेखकाला किंवा लेखिकेला ‘हे लिहून ठेवा’ असे म्हटलेले असते, मग चिकाटीने त्याचा पाठपुरावा केलेला असतो आणि हाती आलेले बाड सांभाळलेलेही असते. त्या व्यक्तीचे काम कोणते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, एवढाच प्रश्न आजच्या अध्यक्षीय भाषणात मांडायचा आहे. त्यासाठी तीन संज्ञांचा खुलासा आधी केलेला बरा. जन्मापासून लेखनकाळापर्यंतचे आयुष्य सलग सांगण्याचा प्रयत्न म्हणजे आत्मचरित्र. त्यातील निवडक माणसे, प्रसंग आणि काळ यांना शब्दांत धरून ठेवणे म्हणजे आठवणी. आणि एका व्यक्तीच्या जगण्यातून तिच्या संपूर्ण समाजाच्या वाट्याला आलेले जगणे उघड करणारे लेखन म्हणजे आत्मकथन, ही शेवटची संज्ञा मुख्यतः दलित साहित्याच्या चर्चेत रुजली. प्रत्यक्ष पुस्तकांत या सीमारेषा पुसट होतात आणि त्या पुसट होण्यात काही बिघडत नाही.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे यांचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. घरची गरिबी आणि कर्ज यांना उतारा म्हणून, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत व तेथे दक्षिणा मिळेल या आशेने, ते १८५७ मध्ये आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात जाऊन पडले. झाशीला इंग्रज फौजेचा वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. तोफांचे गोळे, पाण्याचे हाल, शहर पडल्यानंतरची कत्तल आणि लूट हे सारे त्यांनी एका दरिद्री, भ्यालेल्या, पण डोळे उघडे असलेल्या भिक्षुकाच्या जागेवरून पाहिले. द्रव्य मिळविण्यासाठी गेलेला हा माणूस अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन कोकणात परतला. त्यानंतर जवळजवळ पाव शतक ही हकिकत केवळ त्यांच्या तोंडी होती. ती कागदावर उतरली याचे कारण, ज्यांच्या घरचे उपाध्येपण गोडसे यांच्याकडे होते त्या चिंतामणराव वैद्यांनी ती लिहून देण्याचा आग्रह धरला. राजे, सेनापती आणि सरकारी अधिकारी यांच्या कागदपत्रांनी भरलेल्या त्या काळाविषयी एका सामान्य मराठी माणसाने स्वतःच्या भाषेत लिहिलेले जे मोलाचे साधन आज उपलब्ध आहे, ते या आग्रहाचे फळ होय.

मात्र वैद्यांचे ऋण मान्य करतानाच दुसरी गोष्टही सांगणे भाग आहे. १९०७ मध्ये, गोडसे यांच्या निधनानंतर, वैद्यांनी ही हकिकत ‘माझा प्रवास’ या नावाने छापली तेव्हा ती जशीच्या तशी निघाली नाही. परकीय राजवटीत बंडाविषयीचे पुस्तक छापण्यात धोका होता आणि सुशिक्षित वाचकाला रुचेल अशी सफाई मजकुराला असावी, असा त्या काळच्या संपादनाचा दंडकही होता. त्यामुळे मजकुरात फेरफार झाले, काही गाळले गेले, काही निराळ्या शब्दांत मांडले गेले. मूळ मजकूर वाचकांच्या हाती येण्यासाठी १९६६ साल उजाडावे लागले; त्या वर्षी महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. म्हणजे एकाच पुस्तकात आठवण विचारणाऱ्याची थोरवीही आहे आणि त्याचा मोहही आहे. तरी हस्तलिखित नष्ट झाले नाही, म्हणूनच साठ वर्षांनंतर का होईना, झालेले फेरफार मागे घेता आले. संपादकाने शंभर चुका केल्या तरी चालतील, पण मूळ प्रत टाकून देण्याची चूक करू नये, कारण ती एकच चूक दुरुस्त होत नाही.

या पुस्तकातील एका तपशिलावर थोडे थांबणे आवश्यक आहे. इंग्रजांनी राजेरजवाड्यांना कलकत्त्यास बोलावून हिंदू-मुसलमानांच्या धर्माचारांत ढवळाढवळ करणारी चौऱ्याऐंशी कलमे त्यांच्यापुढे ठेवली आणि त्यातून असंतोष पेटला, अशी हकिकत गोडसे यांनी नोंदविली आहे. अशी सभा भरल्याला इतिहासात आधार नाही. एखाद्या दक्ष संपादकाने ‘हे खोटे आहे’ म्हणून हा मजकूर कापला असता, तर १८५७ साली रस्त्यावरचे शिपाई, वाटसरू आणि धर्मशाळेत उतरलेले ब्राह्मण एकमेकांना काय सांगत होते, लोक कशावर विश्वास ठेवत होते आणि कशाला भीत होते, याचा पुरावा कायमचा गेला असता. घटना म्हणून जी गोष्ट चूक ठरते ती समजूत म्हणून खरी असते, आणि आठवणींच्या लेखनात समजुतींचे मोल घटनांहून कमी नाही. सनावळीची चूक तळटीपेत दाखवावी. ती मजकुरात दुरुस्त करू नये.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची जन्मकथा याहून वेगळी असली, तरी तिच्याही मुळाशी एक विचारणाराच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलाने, देवदत्त टिळकांनी, आईकडे आठवणी मागितल्या. मागणी वडिलांच्या आठवणींची होती. आईने जे दिले त्यात वडील तर आलेच, पण त्यांच्याबरोबर नाशिकजवळच्या जलालपुरात वाढलेली, अक्षरओळखीपासून जोडाक्षरांपर्यंत प्रत्येक पायरीवर अडखळत शिकलेली, नवऱ्याच्या धर्मांतराने कोलमडलेली आणि पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिलेली एक स्त्रीही संपूर्णपणे अवतरली. माहेरी आपल्या वडिलांचे सोवळे किती टोकाला गेले होते हे लक्ष्मीबाई सांगतात तेव्हा, बाजारातून आलेले मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेण्याचा तपशील त्या सहज देऊन जातात, आणि त्या एका तपशिलातून सोवळ्याओवळ्यावरच्या एखाद्या प्रबंधात न सापडणारी गोष्ट वाचकाच्या हाती लागते: त्या घरातल्या बायकांचे रोजचे श्रम आणि त्या श्रमांची व्यर्थता. चरित्राचे साधन म्हणून मागविलेल्या टिपणांना चरित्राच्या चौकटीत कोंबण्याचा हट्ट देवदत्तांनी धरला असता, तर एकोणिसाव्या शतकातील एका कवीचे आणखी एक चरित्र मराठीला मिळाले असते आणि ‘स्मृतिचित्रे’ मिळाली नसती. त्यांनी आईच्या मजकुराला त्याच्या वाटेने जाऊ दिले. १९३४ पासून भागाभागाने निघालेले हे लेखन लक्ष्मीबाईंच्या १९३६ मधील निधनाने अपुरे राहिले आणि त्याची अखेर देवदत्तांनी लिहून पूर्ण केली. आपण मागितले त्यापेक्षा वेगळे हाती आले तर ते ओळखण्याची तयारी, हा विचारणाऱ्याच्या अंगचा सर्वांत दुर्मीळ गुण मानला पाहिजे.

या परंपरेतील आणखी दोन नावांचा उल्लेख ओझरता केला तरी पुरे आहे. महर्षी कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ चे. त्याच घराची दुसरी बाजू, म्हणजे संस्थेपायी झिजणाऱ्या संसारात घर कोणी आणि कसे चालविले ही हकिकत, त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांच्या ‘माझे पुराण’मध्ये १९४४ साली कावेरी कर्वे यांच्या संपादनाने पुढे आली. अभिनेत्री हंसा वाडकर यांनी सांगितलेले आयुष्य अरुण साधूंनी शब्दबद्ध केले आणि ते ‘सांगत्ये ऐका’ या नावाने १९७० मध्ये पुस्तकरूपाने निघाले. या दोन्ही ठिकाणी बोलणारी एक आणि कागदाशी झुंजणारी व्यक्ती दुसरी, तरीही आवाज बोलणारीचाच राहिला आहे.

जिला विचारणारे कोणी नव्हते अशा लेखिकेचेही उदाहरण मराठीत आहे आणि ते सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान सांभाळत असत. माल बांधण्यासाठी आलेल्या रद्दीच्या कागदांवरचा मजकूर वाचता वाचता त्यांना वाचनाची गोडी लागली आणि गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक नसेल त्या वेळात, त्या वहीत लिहू लागल्या. घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून ती वही लपवून ठेवावी लागे. हे वर्षानुवर्षे चालले. फलटणला स्थायिक झालेल्या भाषाभ्यासक आणि शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन उजेडात आले. ‘स्त्री’ मासिकात १९८२ मध्ये ते क्रमशः छापले गेले आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. महारवाड्यातील बाळंतपण, उपासमार, अंगात येणे, सासुरवास आणि बाबासाहेबांच्या शब्दाने पेटलेली शिक्षणाची जिद्द यांचे इतक्या आतून केलेले वर्णन अन्यत्र क्वचितच आढळते. त्यांनी स्वतःच्या वैवाहिक जीवनातील दुःख पुस्तकात जवळजवळ येऊ दिले नाही, समाजाचे दुःख पुढे ठेवले. संपादक म्हणून कोणी त्यांना ‘स्वतःविषयी अधिक लिहा’ अशी सक्ती केली नाही, हेही त्या पुस्तकाचे भाग्यच समजावे, कारण काय सांगायचे याइतकाच काय सांगायचे नाही हाही सांगणाऱ्याचा अधिकार आहे. शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’च्या मुखपृष्ठावर बोलीतली रूपे तशीच राहू दिली गेली, शुद्धलेखनाच्या नियमांपुढे आवाजाचे मोल ओळखल्याची ती खूण आहे.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो. आठवण एकट्याची असली तरी तिच्यात इतर माणसे असतात आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले आणि त्यामागोमाग दलित आत्मकथनांची जी लाट आली, तिच्याविषयी आपल्याच वस्तीतले उणेदुणे जगापुढे का मांडले, अशी नाराजी त्या समाजातूनही व्यक्त झाली. ती नाराजी क्षुल्लक मानून चालणार नाही. जिवंत माणसांची नावे बदलणे, त्यांच्या हयातीत मजकुराचा काही भाग मोहोरबंद ठेवणे, शक्य तेथे त्यांना आधी वाचून दाखविणे हे उपाय आहेत आणि ते वापरले पाहिजेत. परंतु कोणाला तरी वाईट वाटेल म्हणून मुळात लिहूच नये, हा उपाय नव्हे. लिहून ठेवणे आणि छापणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, एवढे भान ठेवले तर अनेक घरांतील संकोच दूर होईल.

आज हा विषय निकडीचा का झाला आहे, हे वेगळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुणे पाण्याखाली गेले, त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज शाळेत धडे गिरवून घरी मराठी पोथी वाचणारी पिढी विरळ होत चालली आहे. शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या कोयनाकाठच्या गावांतून उठून दूरच्या जिल्ह्यांत वसविलेल्या कुटुंबांत, जुन्या गावचे देऊळ, पाणवठा आणि वहिवाटीच्या वाटा कोठे होत्या हे सांगू शकणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी संपावर गेलेला मुंबईचा तरुण गिरणीकामगारही आज म्हातारा झाला आहे. मुंबईच्या गिरणगावापुरते आठवणी नोंदविण्याचे काम नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगार, त्यांच्या घरच्या स्त्रिया, कार्यकर्ते आणि कलावंत यांना बोलते करून केले. तसे काम बाकीच्या ठिकाणी व्हायचे आहे.

विचारायचे कसे, हेही शिकण्याजोगे आहे. ‘तुमच्या आयुष्याविषयी सांगा’ असे म्हटल्यावर बहुतेक वृद्ध माणसे ‘आमचे काय, सांगण्यासारखे काही नाही’ म्हणून गप्प होतात. त्याऐवजी चूल घरात कोणत्या बाजूला होती, पाणी कोण आणि कोठून आणी, दळण पहाटे किती वाजता सुरू होई, पहिला पगार कोणाच्या हातात दिला, शाळा कोणत्या इयत्तेत आणि कोणाच्या सांगण्यावरून सुटली, असे हाताला लागणारे प्रश्न विचारले, तर त्यांच्या पाठोपाठ माणसे, भांडणे आणि मरणेही येतात. उत्तर देणारा थांबला तर त्याला थांबू द्यावे. ध्वनिमुद्रण सर्वांच्या खिशातल्या मोबाईलवर होते, पण ते तेथेच राहिले तर फोनबरोबर जाते. म्हणून मुद्रणाच्या दोन प्रती निराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, शब्द न बदलता लिहिलेली संहिता वेगळी आणि वाचनीय केलेली संहिता वेगळी ठेवावी, प्रत्येकीवर तारीख, गाव आणि विचारणाऱ्याचे नाव घालावे. जुन्या छायाचित्रांच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहावीत. शाई पुढे फुटते. वह्या प्लास्टिकमध्ये कोंडू नयेत आणि जीर्ण कागदाला लॅमिनेशन मुळीच करू नये, कारण ते पुन्हा काढता येत नाही. घरात सापडलेली मोडीतील रोजनिशी वाचता येत नाही म्हणून रद्दीत देण्यापूर्वी ती मोडी जाणणाऱ्याला एकदा दाखवावी.

या सर्व कागदांना जागा कोण देणार, हा अखेरचा प्रश्न आहे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुने कागद सांभाळत आले आहे, मुंबईत ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८ पासून स्त्रियांच्या आठवणी आणि आवाज जमवीत आहे. परंतु भोकरदनच्या एखाद्या शेतकरी बाईने वहीची पन्नास पाने लिहिली, तर ती घेऊन तिने पुण्या-मुंबईस यावे अशी अपेक्षा करता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि त्याच्या आधाराने गावोगावी ग्रंथालये उभी राहिली. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयातही एक कपाट असते. त्या कपाटाचा एक कप्पा गावातील हस्तलिखित आठवणींसाठी राखून ठेवावा, आलेल्या प्रत्येक वहीची नोंद दाखल पुस्तकात इतर ग्रंथांप्रमाणेच करावी, आणि ती कधी व कोणाला वाचू द्यावी याविषयी लिहिणाऱ्याची अट त्याच नोंदीत लिहून घ्यावी, असा ठराव या संमेलनाने करावा आणि तो राज्यातील प्रत्येक जिल्हा ग्रंथालय संघाकडे पाठवावा, अशी सूचना अध्यक्षस्थानावरून मांडण्यात येत आहे.