एन्झो बेआरझोट : विश्वास आणि त्याची किंमत



कामगार चळवळीत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने या व्याख्यानमालेत फुटबॉलवर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. कार्यवाहांनीही आम्हांस विचारले, "बोनस, ठेकेदारी, महागाई यांवर नाही का बोलणार?" आम्ही म्हटले, थोडेसे त्यावरच बोलू; पण एका इटालियन माणसाचे बोट धरून. त्या माणसाचे नाव एन्झो बेआरझोट.

बेआरझोट यांचा जन्म 26 सप्टेंबर 1927 रोजी इटलीच्या ईशान्य टोकाला, फ्रिउली प्रांतातील आयेल्लो या गावी झाला. खेळाडू म्हणून ते बचाव सांभाळणारे हाफबॅक. या खेळात नाव होते ते गोल करणाऱ्याचे. हाफबॅकने समोरच्याचा चेंडू अडवावा, तो आपल्या गड्याकडे द्यावा आणि पुन्हा आपल्या जागी यावे. इंटर, कातानिया असे करीत ते 1954 साली तोरिनो संघात आले. त्या संघावर पाच वर्षांपूर्वी आभाळ कोसळले होते. 4 मे 1949 रोजी सुपेर्गाच्या टेकडीवर विमान आदळले आणि इटलीतला तो सर्वश्रेष्ठ संघ जवळजवळ सबंध नाहीसा झाला. अशा मोडलेल्या घरात बेआरझोट राहिले. मधला एक हंगाम सोडला, तर 1964 पर्यंत ते तेथेच खेळले. 1959 साली संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि वर्षभराने वर आला, तेव्हाही ते संघातच होते.

देशाकडून ते एकदाच खेळले. नोव्हेंबर 1955 मध्ये बुडापेस्टला हंगेरीविरुद्ध उतरले, तेव्हा पुश्काशला अडविण्याचे काम त्यांच्याकडे होते. इटली 0-2 अशी हरली आणि पुन्हा बोलावणे आले नाही. पुढे हाच माणूस इटलीच्या संघाचा मार्गदर्शक म्हणून 104 सामन्यांत बाकावर बसला.

मार्गदर्शनाचे धडे त्यांनी तोरिनोत नेरेओ रोक्को यांच्या हाताखाली घेतले. नंतर प्रातो या लहान संघाला शिकविले आणि तेथून ते फुटबॉल महासंघाच्या चाकरीत शिरले. तरुणांचा संघ, मग दुय्यम मार्गदर्शक, मग भागीदारीतले पद, अशा पायऱ्या चढत 1977 साली सर्व जबाबदारी त्यांच्यावर आली. 1978 च्या विश्वचषकात त्यांनी विशीतल्या पाओलो रोस्सी आणि आंतोनियो काब्रीनी या पोरांना उतरविले, यजमान अर्जेंटिनाला हरविले आणि चौथा क्रमांक मिळविला.

आता खरी गोष्ट सुरू होते. 1980 साली इटलीत सामने आधीच ठरवून त्यांवर पैसे लावण्याचे मोठे प्रकरण उघडकीस आले. त्यात रोस्सीवर दोन वर्षांची बंदी आली. आपण निर्दोष आहोत, असे तो अखेरपर्यंत सांगत राहिला. बंदी एप्रिल 1982 च्या शेवटी उठली, तेव्हा विश्वचषक दीड महिन्यावर आलेला. रोस्सी त्या हंगामात जेमतेम तीन लीग सामने खेळला. दुसरीकडे रोबेर्तो प्रुत्सो हा त्या वर्षी देशात सर्वाधिक गोल करणारा गडी. बेआरझोट यांनी प्रुत्सोला घरी ठेवून रोस्सीला स्पेनला नेले. वर्तमानपत्रे तुटून पडली.

स्पेनमध्ये पहिले तीनही सामने बरोबरीत सुटले आणि रोस्सीचा गोल एकही नाही. टीका खेळावरून खेळाडूंच्या बोनसवर आणि तेथून त्यांच्या खासगी आयुष्यावर घसरली. तेव्हा संघाने ठरविले की, आता वार्ताहरांशी कोणी बोलणार नाही. बोलेल तो फक्त कर्णधार. आणि कर्णधार कोण? चाळीस वर्षांचा गोलरक्षक दिनो झोफ, सबंध संघातला सर्वांत अबोल माणूस! मंडळी, वाटाघाटीच्या खोलीत आम्ही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो : तोंड एकाचेच उघडावे. दहाजण बोलू लागले की मालकाला फट सापडते.

पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. अर्जेंटिनाला 2-1 हरविले, तरी रोस्सीचा गोल नाहीच. तरीही 5 जुलै रोजी बार्सिलोनात ब्राझीलसमोर रोस्सी उतरलाच. त्याने तीन गोल केले आणि इटली 3-2 अशी जिंकली. पोलंडविरुद्ध दोन आणि 11 जुलै रोजी माद्रिदच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध एक, असे त्याचे एकूण सहा गोल झाले. 44 वर्षांनी चषक इटलीत गेला. त्या सामन्यात अठरा वर्षांचा ज्युसेप्पे बेर्गोमी सुरुवातीपासून खेळत होता. आणि शेवटच्या क्षणी बेआरझोट यांनी तेहेतीस वर्षांच्या फ्रांको काउझिओला मैदानात पाठविले. विजयात जुन्या सोबत्याचेही पाऊल पडावे, एवढ्यासाठीच, असे आम्हांस वाटते. परतीच्या विमानात राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी, झोफ, काउझिओ आणि बेआरझोट पत्ते खेळत बसले. पेर्तिनी हे फॅसिस्टांच्या तुरुंगात वर्षे काढलेले समाजवादी. ते छायाचित्र पाहून आम्हांस फार आनंद होतो.

येथेच थांबलो असतो, तर टाळ्या मिळाल्या असत्या. परंतु पुढचेही सांगितले पाहिजे. 1984 च्या युरोपीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत हा जगज्जेता संघ आठपैकी एकच सामना जिंकला. 1986 साली मेक्सिकोत रोस्सी आणि तार्देली यांना पुन्हा नेले, पण एकदाही खेळविले नाही. फ्रान्सकडून 0-2 हार झाली आणि बेआरझोट यांनी पद सोडले. जुन्या माणसांवरचा लोभ सुटला नाही, असे टीकाकार म्हणाले. आम्हांस ते खरे वाटते. ज्या गुणाने चषक मिळाला, त्याच गुणाने पुढे संघाचे पाय जड केले.

हे बोलताना आमचीच छाती धडधडते. एका कारखान्यात मोठा संप आम्ही ज्या सोबत्यांच्या बळावर लढलो, त्यांना कार्यकारिणीतून हलविण्याचे धैर्य आम्हांस पुढे बारा वर्षे झाले नाही. त्यांनी घरातली भांडी विकून संप टिकविला होता. त्यांना बाजूला हो कसे म्हणणार? त्या काळात कारखान्यात ठेक्यावरची तरुण पोरे निम्म्यावर गेली आणि समितीत त्यांचा एकही माणूस नव्हता. एके दिवशी द्वारसभेला बोलावले, तर ती पोरे सरळ निघून गेली. चूक त्यांची नव्हती.

तरीही रोस्सीला स्पेनला नेणे चूक होते, असे आम्ही म्हणणार नाही. पडलेल्या माणसामागे उभे राहणारा कोणी नसेल, तर संघटना कशाला हवी? मात्र उभे राहणे म्हणजे जागा अडवून ठेवणे नव्हे. जुन्या सोबत्याला मान, भाकरी, सल्ल्याचा हक्क द्यावा. जागा वेळेवर नव्याला द्यावी. हे बेआरझोट यांना 1982 साली साधले, 1986 साली साधले नाही. 21 डिसेंबर 2010 रोजी मिलान येथे ते वारले.

आमच्या समितीत आता ठेक्यावरचे तीन तरुण आहेत. ते आमच्याशी भांडतात. भांडोत.