अठरा वर्षांनंतरचे घर



ज्यांना कालपर्यंत सरकारी कागद ‘मतिमंद’ म्हणत असे, त्यांच्या आईबापांना आयुष्यभर एकच प्रश्न जाळीत असतो: आपल्या माघारी याचे कोण? ज्यांना आईबापच नाहीत, त्यांच्यापुढे हा प्रश्न अठराव्या वाढदिवशीच उभा राहतो. बालन्याय कायद्याच्या लेखी त्या दिवशी बालपण संपते; बुद्धीची वाढ मात्र कायद्याचे कॅलेंडर पाहून होत नाही.

अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस अपंग मुलांचे घर चालविले. शंभरावर मुलांना पिता म्हणून स्वतःचे नाव दिले. २०२४ साली शासनाने पद्मश्री दिली. बाबांची मागणी मात्र पदकाची नव्हती. अठरा वर्षांनंतरही अशा निराधारांना हक्काचा आसरा मिळेल असा कायदा करा, एवढेच ते वर्षानुवर्षे सांगत आले. सत्कार करणे शासनाला स्वस्त पडते.

धर्मादाय संस्थांनी हे ओझे उचलले, याबद्दल कृतज्ञता असावीच. परंतु दयेवर उभ्या असलेल्या घरात राहणारा माणूस कायम ऋणकोच राहतो आणि ऋणकोला तक्रार करता येत नाही. फ्रान्समधील एका खेड्यात १९६४ साली ज्याँ व्हानिए यांनी दोन मतिमंद पुरुषांना संस्थेच्या कोठडीतून आणून त्यांच्यासोबत संसार थाटला. त्यातून ‘लार्श’ ही जगभरची चळवळ झाली. बंगलोरचे ‘आशा निकेतन’ १९७० चे. कल्पना थोर होती: सेवक आणि सेव्य एकाच पंगतीला. व्हानिए हयातीतच संतपदाला पोहोचले. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२० साली, संस्थेनेच करविलेल्या चौकशीत त्यांनी सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे निष्पन्न झाले. २०२३ च्या अहवालात ही संख्या किमान पंचवीस झाली. त्या स्त्रिया अपंग नव्हत्या. ज्यांना बोलता येत होते, त्यांचेही इतकी वर्षे कोणी ऐकले नाही.

सरकारी पाटी लावली म्हणजे समाजवाद आला, असेही नव्हे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे समर्थन! स्त्री संघटना रस्त्यावर आल्या, तेव्हा हा प्रकार थांबला. मुलींना कोणी विचारले नव्हते.

२०१६ च्या कायद्याचे पाचवे कलम अपंगांना समाजात राहण्याचा हक्क देते. विशिष्ट निवासात राहण्याची सक्ती नसावी आणि घरपोच मदत मिळावी, हेही त्यात आहे. परंतु त्यासाठी शासनाने ‘प्रयत्न करावा’, असे शब्द आहेत. ही पळवाट बुजविणे हे राजकीय काम आहे, दानशूरांचे नव्हे.

पक्षाचे कार्यकर्ते अशा घरांत दिवाळीचा फराळ घेऊन जातात. पुढच्या खेपेस चार प्रश्नही न्यावेत. मेणबत्त्या आणि पणत्या विकून आलेला पैसा कोणाच्या खात्यात जमा होतो? रात्री दाराला कुलूप कोण लावतो, आणि ते बाहेरून की आतून? रात्रपाळीच्या मावशींना किमान वेतन मिळते काय? आणि विश्वस्तांच्या सभेत त्या घरात राहणाऱ्यांपैकी एकासाठी तरी खुर्ची आहे काय?