पहिलीचा वर्ग आणि पदवी

प्राथमिक शाळेत शिकविण्यास ज्ञान थोडे आणि धीर पुष्कळ लागतो, असे मानण्याची आपल्या समाजात जुनी वहिवाट आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण झालेला तरुण खेड्यातील शाळेवर मास्तर म्हणून रुजू होई. पदवीधर असे ते हायस्कुलात. शिक्षकाची विद्या जितकी कमी, तितकी त्याच्या स्वाधीन केलेली मुले लहान, असा तो हिशेब होता. अलीकडे या हिशेबाची दुसरी बाजू पुढे आली आहे. ज्याच्यापाशी पदवी आहे आणि पदवीनंतरचे बी. एड. आहे, त्याला लहान मुलांना शिकविणे जड जाईलच कसे, असे आता विचारले जाते. दोन्ही समजुती वरवर परस्परविरुद्ध दिसतात. पण त्यांचे मूळ एकच. लहान मुलाला शिकविणे ही स्वतंत्र विद्या आहे, ही गोष्ट दोहोंतही कोणी ध्यानात घेतलेली नाही.

या प्रश्नाचा निवाडा करण्याची वेळ अखेर सर्वोच्च न्यायालयावर आली. २८ जून २०१८ रोजी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने एक अधिसूचना काढून बी. एड. झालेल्या पदवीधरांना पहिली ते पाचवीच्या वर्गांवर नेमण्यास मोकळीक दिली. अट एवढीच, की नेमणुकीनंतर दोन वर्षांच्या आत त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा सहा महिन्यांचा जोड अभ्यासक्रम पुरा करावा. म्हणजे शिकविणे आधी आणि शिकवायला शिकणे मागाहून! दोन वर्षांत पहिलीची दोन वर्गभर मुले त्या शिक्षकाच्या हाताखालून निघून जातात, याचा विचार ही अट घालताना कितपत झाला असेल, हे अधिसूचनेवरून कळत नाही. राजस्थानात या प्रकरणी दावे लागले. तेथील उच्च न्यायालयाने २०२१ साली ही अधिसूचना रद्द ठरविली, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला.

न्यायालयाची विचारसरणी समजून घेण्याजोगी आहे. २००२ सालच्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. हा हक्क नुसत्या शाळेच्या चार भिंतींचा नाही, चांगल्या शिक्षणाचा आहे. बी. एड. चा अभ्यासक्रम वरच्या वर्गांसाठी आखलेला. पहिली-दुसरीच्या मुलांना कसे शिकवावे याचे शिक्षण त्यात मिळत नाही. तेव्हा असा शिक्षक त्या वर्गावर नेमणे म्हणजे मुलांच्या हक्काला बाध आणणे होय, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, जिला पूर्वी डी. एड. म्हणत आणि आता डी. एल. एड. म्हणतात, ती या कामी योग्य ठरली. पदवीपेक्षा पदविका सरस ठरण्याचा असा प्रसंग आपल्याकडे विरळाच.

अर्थात् या निकालाची झळ ज्यांना लागली त्यांचा दोष काय होता, हेही विसरून चालणार नाही. परिषदेच्या शब्दावर विश्वासून हजारो तरुण-तरुणींनी अर्ज केले, परीक्षा दिल्या. निकालापूर्वी नेमल्या गेलेल्यांपैकी पुष्कळांना २०२४ साली न्यायालयाने अभय दिले. परंतु छत्तीसगडमध्ये निकालानंतर नेमलेल्या अडीच हजारांहून अधिक शिक्षकांना घरी बसावे लागले. त्यांतील कित्येकांनी वर्षभर दुर्गम भागातील शाळा चालविल्या होत्या. धोरण आखणाऱ्यांच्या चुकीचा दंड त्यांनी भरला.

पण मग लहान मुलाला शिकविण्यात असे अवघड ते काय आहे? एक साधे उदाहरण पुरे होईल. दुसरीतील मुलाला ‘पंचवीस’ लिहावयास सांगितले की तो पुष्कळदा पाटीवर ५२ लिहितो. पाहणारा म्हणतो, मुलाचे लक्ष नाही. वास्तविक मुलाचे लक्ष पूर्ण आहे. मराठीत आधी पाच ऐकू येतात, मागून वीस. त्याने ऐकले त्या क्रमाने लिहिले. गुजराती आणि हिंदी या भाषांची रीतही तीच, म्हणून बडोदे-इंदूरकडील मुलाला घरीदारी हाच क्रम भेटतो. बेळगावच्या मुलाची गोष्ट निराळी. त्याच्या कानांवर शेजारची कानडी ‘इप्पत्तैदु’ म्हणून पडते, तीत वीस आधी आणि पाच नंतर. हैदराबादेत तेलुगूचे ‘इरवै ऐदु’ तसेच. एकाच मुलाच्या कानांत दोन क्रम नांदत असतात. त्यात मराठीत ‘एकोणतीस’ आहे, ज्यात नाव तिसाचे आणि लिहावयाचे दोन व नऊ. एकोणनव्वदपर्यंत हा नियम मुलाने कसाबसा पचविला, तोच नव्व्याण्णव येऊन तो मोडते!

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला, तो अनेकांना आठवत असेल. मंगला नारळीकर या गणित समितीच्या अध्यक्षा होत्या. भाषा बिघडली, विनोद झाला, विधिमंडळापर्यंत विषय गेला. त्या वादात ‘त्रेसष्ट’ या शब्दाच्या सौंदर्याविषयी पुष्कळ बोलले गेले. पण पाटीवर ३६ लिहून मार खाणाऱ्या मुलाविषयी फार थोडे. पर्याय योग्य की अयोग्य, याबद्दल मतभेद असू शकतील. ही अडचण मुळात कोठे आहे, हे पहिली-दुसरीच्या शिक्षकाला ठाऊक असलेच पाहिजे, याबद्दल मात्र मतभेदाला जागा नाही. आणि गणिताची पदवी घेताना ही गोष्ट कोणी शिकवीत नाही. बी. एड. च्या छात्राध्यापकाने सराव पाठ दिलेले असतात ते बहुधा सहावीच्या पुढील वर्गांवर. त्याच्या पाठ टाचणात मुलाला संख्या लिहिता येते, वाचता येते, हे धरून चाललेले असते. वाचनाचेही तेच. ज्याला वाचता येते त्याने धड्याचा आशय कसा समजावा, हे त्याला शिकविलेले असते. ज्याला ‘कि’ आणि ‘की’ यांतील भेद दिसत नाही त्याच्याजवळ कसे बसावे, हे नसते.

केवळ वरची पदवी या कामी किती तोकडी पडते, याची साक्ष अमेरिकेतील एका प्रसिद्ध अभ्यासाने दिली आहे. लिपिंग मा या विदुषीने तेथील २३ आणि चीनमधील ७२ प्राथमिक शिक्षकांना सारखेच प्रश्न विचारले. तिचे पुस्तक १९९९ साली निघाले. एक प्रश्न असा होता: पावणेदोन भागिले अर्धा किती, आणि हे उदाहरण मुलांना समजावे म्हणून एखादी गोष्ट रचून सांगा. उत्तर साडेतीन. पावणेदोन लिटर दुधाच्या अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या किती बाटल्या भरतील, एवढीच गोष्ट पुरे. अमेरिकेतील निम्म्याहून कमी शिक्षकांना उत्तर बरोबर काढता आले, आणि अर्थाला धरून गोष्ट रचता आली ती अवघ्या एकाला. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांनी पावणेदोन भाकऱ्या दोघांत वाटाव्यात तशा गोष्टी रचल्या; अर्ध्याने भागणे आणि दोहोंत वाटणे यांतला भेदच त्यांना उमगला नव्हता. चिनी शिक्षकांचे उत्तर सर्वांचे बरोबर आले, गोष्टीही बहुतेकांना साधल्या. यातील मर्म पुढेच आहे. अमेरिकन शिक्षक पदवीधर होते, त्यांतील १२ जण तर पदव्युत्तर पदवीच्या उंबरठ्यावर होते. चिनी शिक्षक सामान्यतः नऊ वर्षे शाळा आणि त्यानंतर दोन-तीन वर्षे अध्यापन विद्यालय एवढेच शिकलेले! परंतु त्यांचे शिक्षण त्याच इयत्तांच्या गणिताभोवती फिरत राहिले होते, आणि नोकरी लागल्यावरही ते सहकाऱ्यांसह त्याच पाठ्यपुस्तकाचा कीस काढीत.

मग प्राथमिक शिक्षकाला पदवी नकोच, असा अर्थ कोणी काढील तर तोही फसेल. फिनलंडमध्ये १९७९ पासून पहिली ते सहावीच्या शिक्षकालाही एम. ए. च्या तोडीची पदवी लागते. पाच वर्षांचा अभ्यास, प्रबंध, विद्यापीठाला जोडलेल्या सराव शाळांतून प्रत्यक्ष अध्यापन, असा तो क्रम आहे. भाषा, गणित, संगीत, हस्तकला हे शालेय विषय तेथे विद्यापीठात शिकविले जातात ते शिकविण्याच्या अंगाने. म्हणजे पदवी मोठी, पण तिच्या केंद्रस्थानी मूल लहानच. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९९४ साली बी. एल. एड. हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम याच दृष्टीने काढला होता. तो देशभर पसरला असता, तर २०१८ ची अधिसूचना काढण्याची वेळ कदाचित आली नसती.

मराठी मुलखाला हा विचार परका नाही. ताराबाई मोडक पदवीधर होत्या. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या, त्या बालकांचे शिक्षण शिकावयास. पुढे १९४५ साली बोर्डीला त्यांना येऊन मिळालेल्या अनुताई वाघ प्राथमिक शिक्षिका होत्या. एकीपाशी पदवी, दुसरीपाशी वर्गाचा अनुभव. पण दोघीही आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या आणि तेथे जे दिसले त्यावरून आपली पद्धत दुरुस्त करीत राहिल्या. त्या बैठकीला कोठल्याच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात गुण नव्हते.

२०२० च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी. एड. पदवी ठरविली आहे. तीत लहान मुलांच्या टप्प्यासाठी वेगळी शाखा असावी, असेही योजिले आहे. आता पाहावयाचे ते एवढेच, की त्या शाखेतील छात्राध्यापक चार वर्षांतील किती सकाळी खरोखरच पहिलीच्या वर्गात, जमिनीवर, त्या ५२ लिहिणाऱ्या मुलाच्या शेजारी बसून काढणार आहे. आणि त्याच्या पाठाचे निरीक्षण करण्यासाठी मागे बसलेल्या प्राध्यापकाने तरी तो वर्ग पूर्वी कधी घेतला आहे काय.