तांड्याबरोबर तीन दिवस
(नभोवाणीवरील भाषण)

मोरोक्को देशांत मराकेश आणि फेझ अशीं दोन पुरातन राजधानीचीं शहरें आहेत. मराकेश अकराव्या शतकांत वसलें. फेझ त्याहून जुनें, आठव्या शतकाच्या अखेरीचें. एका शहराहून दुसऱ्यास जाणारा सरळ रस्ता मोटारीनें एका दिवसांत उरकतो. तरीहि पुष्कळ प्रवासी मुद्दाम वांकडी वाट धरतात. उंच ॲटलास पर्वत ओलांडून दक्षिणेस उतरावयाचें, सहाराच्या कांठावर एक रात्र काढावयाची, आणि पुन्हां उत्तरेस वळून फेझ गांठावयाचें, असा हा तीन दिवसांचा, सुमारें १००० किलोमीटरांचा फेरा आहे. गेल्या मार्च महिन्यांत तो मीं केला. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

श्रोतेहो, आमच्या मोटारींत एकंदर चौदा जण होते. देश निराळे, भाषा निराळ्या. सर्वांत वडील मीच, वय सदुसष्ट. निघतांना मला वाळवंटाची भीति वाटली नाहीं. वाटली ती या तरुण मंडळींत आपण अडगळ होऊं याची. उतारवयांत माणसाला दुखण्यापेक्षां दुसऱ्यावर भार होण्याचा धाक अधिक असतो.

पहिल्या दिवशीं २२६० मीटर उंचीची तिझी-न-तिश्का ही खिंड लागते. तेथील वळणांनीं माझें डोकें गरगरूं लागलें आणि माझ्याकरितां मोटार दोनदां थांबवावी लागली. तेव्हांच मनाशीं ठरविलें कीं, यापुढें कांहींहि होवो, बोलावयाचें नाहीं.

खिंडीपलीकडे ऐत बेन हद्दू हें मातीचें तटबंदी गांव आहे. आपल्याकडील पांढऱ्या मातीच्या गढ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना त्याची कल्पना सहज येईल. १९८७ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. ८ सप्टेंबर २०२३ च्या भूकंपानें त्यांतील कांहीं इमारतींस इजा पोंचली. मातीचें घर पावसापुढें झिजतें आणि सारखी डागडुजी मागतें; तेव्हां असें गांव शतकानुशतकें टिकलें तें दगडाच्या बळावर नव्हे, सतत लिंपणाऱ्या हातांच्या बळावर.

दुसऱ्या दिवशीं तोदरा नदीची घळ पाहिली. दोहों बाजूंस ३०० मीटरांपर्यंत उंच कडे, आणि मधून वाहणारी एवढीशी नदी! पुढें सपाट माळावर मातीच्या ढिगांच्या लांबच लांब रांगा दिसूं लागल्या. त्या खेत्तारा नांवाच्या भुयारी पाटांच्या विहिरींच्या. डोंगराकडील पाणी जमिनीखालून, केवळ उतारानें, खजुरीच्या बागांपर्यंत आणावयाचें ही ती युक्ति. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथें मलिक अंबरानें सतराव्या शतकांत बांधविलेली नहर याच तत्त्वावरची आहे.

दुपारीं रिसानी गांवाजवळ माझ्या विनंतीवरून मोटार थोडा वेळ थांबली. तेथें मातीच्या कांहीं पडक्या भिंती उभ्या आहेत. आठव्या शतकांत वसलेल्या सिजिलमासा नगराचे ते अवशेष. येथून निघालेले तांडे वाटेंत तघाझाच्या खाणींतील मीठ घेऊन सहारा ओलांडीत आणि परततांना सोनें आणीत. मराकेश व फेझ यांचें वैभव याच व्यापारावर पोसलें. आज आपण ज्या वाळवंटास निर्जन म्हणतों, त्यानें एके काळीं या शहरांचे खजिने भरले!

सायंकाळीं मर्झूगा येथें पोंचलों. तेथील वाळूच्या टेकड्या सुमारें १५० मीटरांपर्यंत उंच आहेत. राहुट्यांपर्यंत उंटावरून जावयाचें होतें. उंट उठतांना आधीं मागचे पाय उभारतो, त्यामुळें बेसावध स्वार पुढें झुकतो. मी बेसावध होतों. कमरेंत कळ आली. ठरविल्याप्रमाणें बोललों नाहीं. आणि पाव तासानें ती असह्य झाली. उंट एकामागें एक दोरानें बांधलेले असतात. एक थांबला कीं सगळे थांबतात. सूर्य मावळण्यास थोडाच अवधि उरला होता, आणि टेकडीच्या माथ्यावरून तो पाहण्यासाठींच मंडळी इतक्या दूर आली होती.

मी उंटवाल्यास म्हणालों, "मला येथेंच बसूं द्या. तुम्ही पुढें जा. मग कोणी तरी येऊन मला न्या."

त्यानें मला हात देऊन उतरविलें आणि म्हटलें, "अम्मी, येथें कोणाला मागें ठेवीत नाहींत." अम्मी म्हणजे काका.

दोन विद्यार्थी आपण होऊन उतरले आणि माझ्याबरोबर चालूं लागले. बाकीचे माझ्या पावलानें आले. आम्ही सखल वाळूंत असतांनाच सूर्य मावळला. एक गृहस्थ उघडपणें रागावले. मोठा कॅमेरा घेऊन ते आले होते, आणि त्यांचा राग मला अन्याय्य वाटला नाहीं.

रात्रीं थंडी कडाक्याची होती. शेकोटीभोवतीं पुदिन्याचा चहा घेतांना मला इब्न बतूता आठवला. महंमद तुघलकाच्या दिल्लींत काझी झालेला, दौलताबाद पाहून मराठ्यांविषयींहि लिहिणारा तोच हा प्रवासी. १३५२ सालीं तो सिजिलमासाहून तांड्याबरोबर निघाला आणि पंचवीस दिवसांनीं तघाझास पोंचला. तेथील घरांच्या भिंती मिठाच्या होत्या आणि छपरें उंटाच्या कातड्याचीं. तेथून निघाल्यावर तो तांड्याच्या पुढें जाऊन जनावरें चारीत असे. पण त्याच तांड्यांतील इब्न झीरी नांवाच्या इसमाचें आपल्या मामेभावाशीं भांडण झालें. तो मागें राहिला, वाट चुकला, आणि पुन्हां सांपडला नाहीं. त्या दिवसापासून इब्न बतूता तांड्याच्या पुढेंहि गेला नाहीं आणि मागेंहि राहिला नाहीं. ही गोष्ट मीं मोडक्या इंग्रजींत सर्वांस सांगितली. कोणी कांहीं बोललें नाहीं.

पहांटे कोणी तरी माझ्या राहुटीचा पडदा हलविला. पाहतों तों तेच रागावलेले गृहस्थ. "काल राहिलें तें आज पाहूं," एवढेंच ते म्हणाले. त्यांचा हात धरून मी हळूहळू माथा चढलों. सूर्य वर आला तेव्हां त्यांनीं कॅमेरा काढला; मी नुसता पाहत राहिलों.

तिसऱ्या दिवशीं झीझ नदीच्या कांठचीं खजुरीचीं बनें, मग ॲटलासमधील देवदाराचीं अरण्यें मागें टाकून रात्रीं फेझला पोंचलों. इब्न बतूतानें आपला प्रवास सांगून लिहवून घेतला तो याच शहरांत. तो ग्रंथ १३५५ सालीं पुरा झाला.

ज्यांना असा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं उबदार कपडे घ्यावे, बराच वेळ मोटारींतच जाणार हें ध्यानांत धरावें, आणि कांहीं दुखत असेल तर तें वेळींच सांगावें. मीं पाव तास आधीं तोंड उघडलें असतें, तर चौदा जणांचा सूर्यास्त वांचला असता.