महाविद्यालयातील बदल आणि सेवकवर्गाचा सहभाग



संस्थेच्या आयुष्यात पन्नास वर्षांचा टप्पा आला की झालेल्या कार्याचा आढावा घेतला जातो आणि पुढील वाटचालीच्या योजना आखल्या जातात. अशा प्रसंगी शिक्षणसंस्थांच्या बाबतीत एक प्रश्न विचारात घेणे अगत्याचे ठरते. महाविद्यालयात बदल करण्याचा निर्णय घेणारे आणि तो बदल प्रत्यक्ष राबविणारे बहुधा वेगवेगळे असतात. या दोघांची गाठ केव्हा पडते? निर्णयापूर्वी, की निर्णयाचे परिपत्रक निघाल्यानंतर? बदलाचे यशापयश पुष्कळ अंशी याच उत्तरावर अवलंबून असते.

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांना बदल नवा नाही. पूर्वी ती नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि संलग्नता बदलली. १९९४ साली विद्यापीठांचा नवा कायदा आला आणि त्याच वर्षी 'नॅक' ही मूल्यांकन संस्थाही स्थापन झाली. पुढे २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम १ मार्च २०१७ पासून अमलात आला. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून संलग्न महाविद्यालयांत नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली. प्रत्येक वेळी आदेश वरून आला. वेळापत्रके, नोंदवह्या आणि परीक्षा अर्ज मात्र खालच्या माणसांना बदलावे लागले.

नव्या धोरणाचेच उदाहरण घ्यावे. मुख्य विषय, गौण विषय, खुले वैकल्पिक विषय, कौशल्याधारित अभ्यासक्रम, कार्यप्रशिक्षण आणि या सर्वांचे श्रेयांक, अशी त्याची रचना आहे. मिळविलेले श्रेयांक २०२१ साली सुरू झालेल्या 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात. कागदावर ही रचना सुबक दिसते. परंतु नेरसारख्या तालुक्याच्या गावी खेड्यातून एस.टी.ने येणारी विद्यार्थिनी प्रवेशाच्या खिडकीपाशी उभी राहते, तेव्हा कोणता विषय कोणत्या गटात मोडतो हे तिला समजावून सांगणारा लिपिकच तिच्या दृष्टीने महाविद्यालय असतो. त्यालाच ती रचना नीट उमगली नसेल तर विषयाची निवड चुकते आणि त्याचा भुर्दंड त्या मुलीला सोसावा लागतो. कोणत्या गावची गाडी किती वाजता येते आणि शेवटची गाडी केव्हा सुटते, हे वेळापत्रक समितीपेक्षा अनेकदा शिपायाला अधिक ठाऊक असते. शेवटच्या गाडीनंतर ठेवलेल्या तासिकेला मुली येणार नाहीत, ही गोष्ट त्याला विचारली असती तर आधीच कळली असती.

कार्यप्रशिक्षणाचेही तसेच आहे. मोठ्या शहरात त्यासाठी कारखाने आणि कंपन्या असतात. कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणाऱ्या मुलखात ते कृषी सेवा केंद्र, पतसंस्था, पंचायत समिती किंवा जिनिंग कारखाना यांच्याकडे शोधावे लागते. तेथील माणसे ओळखणारे बरेचदा स्थानिक प्राध्यापक आणि कर्मचारीच असतात. त्यांचे ज्ञान निर्णयात उतरले नाही, तर प्रशिक्षण केवळ प्रमाणपत्रापुरते उरते.

शिक्षकांनी संस्था चालविण्याची परंपरा महाराष्ट्राला परकी नाही. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. या संस्थेत शिकविणारे आजीव सदस्यच कारभाराचे निर्णय घेत. म्हणून तेथे मतभेद झाले नाहीत, असे मात्र नाही. आजीव सदस्यांनी संस्थेबाहेरची कामे आणि उत्पन्न स्वीकारावे काय, यावरून तीव्र वाद झाला आणि १८९० साली लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडले. संस्था मात्र टिकली. सहभाग म्हणजे सर्वांचे एकमत नव्हे, हा या इतिहासाचा बोध आहे. जेथे विचारणा होते तेथे विरोधही होणारच. त्याला सभेत स्थान मिळाले नाही, तर तो स्टाफरूममध्ये आणि चहाच्या टपरीवर प्रकट होतो.

जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. तिच्या कार्याचा भार आजीव सेवकांनी वाहिला. संस्थेतील माणसांसाठी तेथे 'सेवक' हा शब्द रूढ झाला. त्यांच्या सहकारी बँकेलाही 'रयत सेवक' असेच नाव मिळाले. नोकरी करणाऱ्याला हे कार्य आपले वाटावे, ही त्यामागील दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे.

आजच्या कायद्यानेही सहभागाची सोय केली आहे. २०१६ च्या अधिनियमातील कलम ९७ अन्वये प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात पूर्णवेळ शिक्षकांनी निवडलेले तीन शिक्षक आणि शिक्षकेतरांनी निवडलेला एक कर्मचारी असतो. वर्षातून किमान चार बैठका, सर्वंकष विकास आराखडा आणि वार्षिक अंदाजपत्रक अशी मोठी कामे तिच्याकडे आहेत. 'नॅक'च्या २०१७ च्या सुधारित चौकटीतही सहभागी व्यवस्थापनाची दखल घेतली गेली. तथापि तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकांना या निवडणुकीत मत नाही आणि रिक्त पदांमुळे अनेक ठिकाणी अध्यापनाचा मोठा भार तेच वाहतात. कायद्याने घालून दिलेली ही किमान मर्यादा आहे. तिच्या पुढे जाऊन या अध्यापकांचे आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकण्यास कोणत्याही व्यवस्थापनाला मज्जाव नाही.

प्रत्यक्षात काय करावे? प्रथमतः, कोणत्याही बदलाचा मसुदा निर्णयापूर्वी किमान पंधरा दिवस ग्रंथालयात, कार्यालयात आणि प्रयोगशाळेत सर्वांना उपलब्ध असावा. दुसरे असे की, आलेल्या प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर मिळावे. सूचना स्वीकारली नाही तरी चालते, कारण कळले नाही तर माणूस पुन्हा बोलत नाही. तिसरी गोष्ट, नवे काम सोपविताना जुने कोणते कमी केले ते स्पष्ट असावे. मूल्यांकनाच्या फायली, प्रवेश आणि परीक्षा एकाच लिपिकाच्या टेबलावर ठेवून उत्साहाची अपेक्षा करणे न्याय्य नाही. चौथी, शक्य असेल तेथे बदल आधी एका विभागात करून पाहावा आणि तो करून पाहणाऱ्यांनीच त्याचा अनुभव सभेत मांडावा.

या मार्गाने जाण्यास वेळ अधिक लागतो, हे मान्य करावयास हवे. विद्यापीठाची मुदत जवळ आलेली असते, प्राचार्यांवर ताण असतो. परंतु घाईने लादलेला बदल दुरुस्त करण्यात जो काळ जातो, तो कोणत्याही इतिवृत्तात नोंदला जात नाही. त्याची किंमत शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी मोजतो.

सुवर्णमहोत्सवी वर्षात दानशूर मंडळी इमारती आणि शिष्यवृत्त्या देतात. ते औदार्य वंदनीय आहे. त्याच्या जोडीला महाविद्यालय विकास समितीच्या येत्या बैठकीत निवडून आलेल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्याला विषयपत्रिका वाचण्यापुरता वेळ आधी मिळावा आणि त्याचे मत इतिवृत्तात नोंदले जावे. यास निधी लागत नाही, इच्छा लागते. ती सर्व शिक्षणसंस्थांना लाभो, ही सदिच्छा.